अध्यक्षांचा फोन, सचिवांचा फोन आणि मधे मुख्याध्यापिका

पत्र (थोडक्यात): तालुक्याच्या गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. या जूनपासून ज्येष्ठतेनुसार मुख्याध्यापिका झाले. पाचवी ते दहावी, पट सहाशेच्या आसपास. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव यांचं एकमेकांशी पटत नाही; दोघंही मला वेगवेगळे फोन करतात आणि उलटसुलट सांगतात. शाळेचं मैदान लग्नाला द्या, असं एक जण म्हणतात, तर देऊ नका, असं दुसरे. आधीच्या सरांनी चार्ज असा दिलाच नाही, किल्ल्या टेबलावर ठेवून गेले. लिपिक सचिवांच्या नात्यातला आहे. परवा त्याने कोऱ्या चेकवर सह्या मागितल्या. एका संचालकांना पुतण्याला शिक्षक म्हणून लावायचं आहे. आणि ‘सगळ्याच मुख्याध्यापकांनी दिलाय’ असं सांगून तारीख नसलेला राजीनामा लिहून द्यायला सांगितलंय. मला भांडण नको आहे. निवृत्तीला सहा वर्षं आहेत, ती नीट जावीत एवढंच. अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची वर्गणीही माझ्याच टेबलावर आली आहे. कसं जमवायचं?

उत्तर:

बाई, नमस्कार.

आधी राजीनाम्याचं बघू, कारण बाकीचं महिनाभराने केलं तरी चालेल, हे नाही. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आहे, त्याच्या कलम 7 मध्ये राजीनामा कसा द्यायचा ते लिहिलेलं आहे. दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. तारखेविना हातोहात घेतलेला कागद या पद्धतीत बसत नाही. म्हणून तो देऊन टाकायला हरकत नाही, असं मात्र समजू नका. उद्या कोणी त्यावर तारीख घातली, तर तो कागद खोटा कसा हे शाळा न्यायाधिकरणात तुम्हालाच सांगत बसावं लागेल. तिथे कलम 9 प्रमाणे अपिलाची मुदत 30 दिवसांची आणि निकालाला लागणारा काळ वर्षांत मोजायचा.

नकार कसा द्यायचा, हा तुमचा खरा प्रश्न. बैठकीत, चारचौघांत देऊ नका. ज्यांनी मागितला त्यांना एकटं गाठा, चहा घ्या आणि सांगा, ‘साहेब, कलम 7 प्रमाणे राजीनामा पोस्टाने यावा लागतो. असा कागद संस्थेच्या फायलीत सापडला, तर उद्या न्यायाधिकरणात संस्थेलाच उत्तर द्यावं लागेल.’ हे खरंही आहे. पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा म्हणायचं. बहुतेक ठिकाणी तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

आता संस्थेकडे वळू. ‘संस्था’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर दोन-तीन चेहरे येतात, ते साहजिक आहे. पण तुमचं नातं जडायला हवं ते संस्थेच्या संचालक मंडळाशी, आणि मंडळ म्हणजे नेमके कोण हे कागदावर पाहायला मिळतं. धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय किंवा जिल्हा कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट 1 ची प्रमाणित प्रत काढा. विश्वस्त म्हणून कोणाची नावं नोंदलेली आहेत ते त्यात दिसेल. निवडणूक होऊन कार्यकारिणी बदलली असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करायचा असतो. तो मंजूर झालाय, प्रलंबित आहे की त्यावर हरकत आहे, हेही विचारून घ्या. सोबत संस्थेच्या घटनेची प्रत मागा. शाळेशी पत्रव्यवहार कोणी करायचा, बँकेत सह्या कोणाच्या, सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, ही चार कलमं वाचून खुणा करून ठेवा. प्रत मागताना ‘नवीन आहे, फाईल पूर्ण करतेय’ एवढं कारण पुरतं.

हे एवढ्यासाठी, की अध्यक्ष-सचिवांचा अबोला उद्या वादात गेला आणि दोन गटांची दोन पत्रं टेबलावर आली, तर तुम्ही कोणाचं ऐकलं याला माणसाचं नाव हे उत्तर होऊ शकत नाही. परिशिष्टावर ज्यांची नोंद आहे त्यांचं, किंवा नोंदच वादात असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मार्गदर्शन मागितलं, असं सांगता आलं पाहिजे. दोन्ही गटांना उत्तर एकच, शब्दही तेच. गट पडलेल्या शाळांत मुख्याध्यापक अडकतात ते बहुतेक तोंडी बोलण्यात: एका गटाला फोनवर ‘हो’ म्हटलेलं असतं आणि दुसऱ्याला तसंच. दरम्यान पगारबिल, परीक्षा आणि बोर्डाचे अर्ज यातलं काही थांबू द्यायचं नाही. तुमच्या पदाला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि सहीचे अधिकार यांचं पत्र फायलीत आलेलं नसेल, तर त्याचा पाठपुरावा याच आठवड्यात करा. त्याविना तुम्ही नुसत्या प्रभारी, आणि प्रभारीला कोणीही हलवू शकतं असं सगळ्यांना वाटत असतं.

चार्जची वेळ अजून गेलेली नाही. किल्ल्या घेतल्या म्हणजे चार्ज घेतला असं होत नाही. शाळा समितीचा (शाळेच्या कारभारासाठी संस्थेने नेमलेल्या समितीचा) एक सदस्य आणि दोन ज्येष्ठ शिक्षक यांना बसवा आणि दिवसभरात यादी करा. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही) किती खंड, शेवटचा नोंद क्रमांक काय. शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तकं: कोऱ्या दाखल्यांचे अनुक्रमांक कुठपासून कुठपर्यंत, मधला एखादा फाडलेला आहे का (हे मोजायला माणसं कंटाळतात आणि नेमकं इथेच नंतर प्रकरण निघतं). सेवापुस्तकं किती, कोणाचं नाही. चेकबुकं, न वापरलेल्या चेकांचे क्रमांक. डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंदवही), तपासणी अहवाल, कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांच्या फायली, उत्तर न गेलेले माहिती अधिकाराचे अर्ज. या अर्जांना 30 दिवसांची मुदत असते आणि अधिकारी बदलला म्हणून ती वाढत नाही.

कॅशबुकात शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून लिहा, ‘आज अखेर पुस्तकाप्रमाणे शिल्लक इतकी, प्रत्यक्ष मोजलेली रोख इतकी’ आणि तिघांच्या सह्या घ्या. पोषण आहाराची कोठीही मोजाच. पाचवीला दरडोई 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. समजा पाचवीत 90 आणि सहावी ते आठवीत 300 मुलं रोज जेवतात, तर दिवसाला 9 आणि 45 मिळून 54 किलो. महिन्याचे 24 दिवस धरले तर जवळपास 1,300 किलो. नोंदवहीतला खर्च, हजेरी आणि पोती या तिन्हींचा मेळ बसतो का पाहा. बसत नसेल, तर आहे तसा आकडा पंचनाम्यात लिहा, कोणाचंही नाव घेऊ नका. सगळ्याची एक प्रत सचिवांना, एक अध्यक्षांना, एक शिक्षणाधिकारी कार्यालयाला, आवक-जावक क्रमांक घालून. आधीच्या सरांना फोन करून यायची विनंती करा. आले तर त्यांचीही सही, नाही आले तर ‘विनंती करूनही उपस्थित नाहीत’ एवढीच नोंद.

या यादीचा संस्थेशी असलेल्या नात्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की पुढच्या वर्षी ऑडिटमध्ये काही निघालं, तर ते तुमच्या आधीचं की नंतरचं यावरून वाद होणार नाही. नव्या मुख्याध्यापकावरचा विश्वास बहुतेक वेळा असल्याच एखाद्या जुन्या खड्ड्यात जातो.

मग भेटी. कार्यकारिणीच्या प्रत्येकाला एकेकट्याने भेटा. सुरुवात अध्यक्ष आणि सचिवांपासून करा, पण सगळे पंधरवड्याच्या आत आटोपा, आणि मागच्या निवडणुकीत ज्यांची बाजू पडली पण जे अजून सदस्य आहेत त्यांना वगळू नका. घरी गेलात तरी चालेल, गावात तीच रीत आहे. पेढे न्यायचे तर सगळ्यांकडे न्या. अर्धा तास पुरे. प्रश्न सगळ्यांना तेच विचारा. या वर्षी शाळेत कोणती एक गोष्ट झालीच पाहिजे? कोणत्या बाबतीत तुम्हाला आधी कळलंच पाहिजे? गावात शाळेविषयी काय तक्रार ऐकू येते? अडचणीची बातमी असली तर रात्री फोन केलेला चालेल की सकाळी? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचं उत्तर वर्षभर कामाला येतं. घरी आल्यावर त्याच दिवशी प्रत्येकाची चार ओळींची टिपणं करा. कोणाकडे बसून दुसऱ्याविषयी बोलू नका, आणि ‘अध्यक्ष असं म्हणत होते’ हे वाक्य तर सचिवांसमोर कधीच नको. निरोप्याचं काम एकदा केलंत की ते कायमचं तुमच्याकडेच राहतं.

उलटसुलट फोनांसाठी एक साधी सवय लावून घ्या. सूचना फोनवर ऐका, नम्रपणे ‘लिहून घेते’ म्हणा आणि चोवीस तासांच्या आत पत्र पाठवा. मजकूर साधारण असा:

‘मा. सचिव यांस, काल सायंकाळी दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार शाळेचे मैदान दि. __ रोजी खाजगी कार्यासाठी देण्याबाबत आपण सूचना केली, असे मी समजले आहे. या विषयावर याआधी वेगळी सूचनाही प्राप्त आहे. तरी विषय शाळा समितीच्या पुढील सभेत ठेवत आहे. माझ्या समजण्यात फरक असल्यास कृपया दोन दिवसांत कळवावे. प्रत माहितीसाठी: मा. अध्यक्ष.’

वेगळी सूचना कोणाची ते पत्रात नाही, आणि ते गाळण्यातच पत्राचं काम आहे. तक्रारीचा सूर नको, नियमांचे क्रमांक नकोत, ‘आपल्या निदर्शनास आणून देते’ असली धारदार सरकारी भाषा तर मुळीच नको. पहिल्या दोन पत्रांना कदाचित ‘लिहायची काय गरज होती?’ असा फोन येईल. ‘वय झालं साहेब, विसरायला होतं’ असं हसून सांगा आणि तिसरं पत्र पाठवा. तीन-चार महिन्यांत फोनवरच्या सूचनांची भाषा बदलते, कारण आपलं बोलणं दुसऱ्याच्या टेबलावर प्रत म्हणून जातं हे लक्षात येतं.

शाळा समितीत तुम्ही पदसिद्ध सचिव आहात. हे पद पुष्कळ मुख्याध्यापक नुसतं इतिवृत्त लिहिण्यापुरतं वापरतात, तिथे चूक होते. विषयपत्रिका तुम्ही तयार करता, म्हणजे काय बोललं जाईल आणि कोणत्या क्रमाने, हे बरंचसं तुमच्या हातात आहे. प्रत्येक विषयाखाली पाच-सहा ओळींची टिपणी द्या: विषय काय, आतापर्यंत काय झालं, पर्याय कोणते, खर्च किती आणि कोणत्या खात्यातून. मैदानाच्या विषयात, उदाहरणार्थ, त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे का, स्वच्छता कोण करणार, वीज कोणाच्या मीटरवर, अनामत किती, यापूर्वी दिलं होतं का, एवढं लिहिलं की दोन माणसांचं भांडण विषयाच्या मागे जातं आणि समिती अनामतीच्या रकमेवर बोलू लागते. टिपणीखाली ठरावाचा मसुदाही द्या. सभेच्या तीन दिवस आधी अध्यक्षांकडे बसून विषयपत्रिका एकदा वाचून दाखवा, त्याच दिवशी सचिवांनाही. सभेत कोणालाही काही पहिल्यांदा कळू नये. चारचौघांत नवल वाटलेला पदाधिकारी विरोधच करतो. त्याला विषयाशी काही देणंघेणं नसतं, आपल्याला आधी सांगितलं नाही हे त्याला लागलेलं असतं.

ऐनवेळच्या विषयांत पैसे आणि माणसं घ्यायची नाहीत, हा ठराव पहिल्याच सभेत करून घेता आला तर बघा. इतिवृत्त तीन दिवसांत, पानांना छापील क्रमांक असलेल्या वहीत, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह. शेवटच्या ठरावाखाली मोकळी जागा उरली, तर सही घेण्याआधी तिरपी रेघ मारा. त्या चार रिकाम्या ओळींत नंतर लिहिला गेलेला ठराव पुढे कोणाकोणाला अडचणीत आणतो, हे शिक्षणाधिकारी कार्यालयात बसणाऱ्या कोणालाही विचारा. आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर कोणी अंगठा दाखवला म्हणजे मंजुरी मिळाली, असं धरू नका. तिथे फक्त सूचना आणि फोटो.

शाळा समिती आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची गल्लत मात्र करू नका. दुसरी शिक्षण हक्क कायद्याची, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, अनुदानित शाळेत तिचं काम सल्लागाराचं. दोघींच्या वह्या वेगळ्या ठेवा.

दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत एक पानाचं पत्र सगळ्या सदस्यांना एकाच वेळी जाऊ द्या. पट आणि सरासरी उपस्थिती, प्रत्येक खात्यातली शिल्लक, कोण रजेवर, कोणत्या कार्यालयाकडे काय प्रलंबित, पुढच्या महिन्यातल्या तारखा, आणि शेवटी ‘समितीकडून हवे असलेले निर्णय’. एका पानाच्या वर जाऊ नका, कोणी वाचत नाही. चांगल्या बातमीइतकीच वाईट बातमीही त्यात असू द्या: तपासणीतला शेरा, दहावीच्या सराव परीक्षेत इंग्रजीला किती नापास. मुलाला मार लागला, पालक पोलिसांत गेले, पत्रकार आला असं काही झालं, तर पत्राची वाट न पाहता तासाभरात अध्यक्ष आणि सचिव दोघांनाही फोन. माहिती अर्धी असली तरी चालेल. ‘अजून चौकशी चालू आहे, संध्याकाळी पुन्हा सांगते’ म्हणायचं आणि संध्याकाळी खरंच सांगायचं. पदाधिकाऱ्याला शाळेतली गोष्ट पानाच्या टपरीवर कळली, की मग तुमचं कोणतंही स्पष्टीकरण उशिराचंच ठरतं.

याची दुसरी बाजूही आहे आणि नवे मुख्याध्यापक तिथे जास्त घसरतात: सगळंच विचारायला जाणं. वेळापत्रक, तासवाटप, वर्गशिक्षक, सराव परीक्षा, कोणत्या वर्गाला जादा तास हे तुमचं काम आहे. ते फक्त कळवा. इमारतीतले बदल, सहल, मोठी खरेदी, गॅदरिंगचा खर्च हे विचारा. पैसे कुठून घ्यायचे, मालमत्ता कोणाला द्यायची, माणसावर कारवाई करायची का, हे ठरावाशिवाय करूच नका. पहिल्या गटातलं काही तुम्ही सौजन्य म्हणून विचारायला गेलात, की पुढच्या वर्षी ‘अमक्या सरांना दहावीचा वर्ग का दिला?’ असा फोन येणार, आणि तो अधिकार तुम्हीच दिलेला असेल.

कोरे चेक. देऊ नका, पण लिपिकाने ते का मागितले हेही समजून घ्या. बऱ्याचदा त्यामागे चोरीचा हेतू नसतो. आधीचे मुख्याध्यापक सापडायचे नाहीत, बिलं अडायची, म्हणून पडलेली सवय असते. तर ती गरज संपवा. महिन्यातले दोन दिवस ठरवा, समजा 5 आणि 20. त्या दिवशी बिल, व्हाउचर आणि मंजुरीसह चेक आला, की तासाभरात सही. किरकोळ खर्चासाठी समितीकडून ठराविक रकमेची, ₹2,000 म्हणा, रोख मंजूर करून घ्या आणि तिचा हिशेब दर शनिवारी पाहा. जमा झालेली फी दुसऱ्या दिवशी बँकेत. कॅशबुकावर सही रोज, महिनाअखेरीस एकदम नाही.

लिपिकाशी वैर धरू नका, त्याला संस्थेचा इतिहास तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त लॉगिन स्वतःकडे घ्या. शालार्थ (पगारबिलांची सरकारी ऑनलाइन प्रणाली), यूडायस (शाळेच्या आणि मुलांच्या माहितीची), बोर्ड यांच्या खात्यांना कोणाचा मोबाईल जोडलाय ते आजच पाहा. ओटीपी लिपिकाच्या फोनवर येत असेल, तर शाळा कागदोपत्री तुमची आणि प्रत्यक्षात त्याची. शालार्थमध्ये पहिल्या पातळीचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पगाराचे पैसे काढून वाटणारा, मुख्याध्यापक असतो; तुमच्या लॉगिनमधून पुढे गेलेल्या प्रत्येक नावाचा जबाब तुम्हाला द्यायचा आहे. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण निघालं, तेव्हा शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांनाही अटक झाली. पटाचंही तसंच. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर, हे ठरते, म्हणून त्या सुमारास ‘थोडी नावं वाढवा’ असा आग्रह होतो. ऑक्टोबर 2011 ची राज्यभरची पटपडताळणी (पटावरची मुलं खरंच आहेत का हे मोजण्याची मोहीम) गावात अजून कोणाला तरी आठवत असेल. आग्रह करणाऱ्यापुढे तिचं नाव काढा. खऱ्या पटासाठी जुलै-ऑगस्टमध्ये शेजारच्या वाड्यावस्त्यांवर शिक्षकांबरोबर संचालकांनाही घेऊन फिरा. त्यांना करण्यासारखं काम मिळतं, आणि पालक त्यांच्या शब्दावर मूल पाठवतात.

पुतण्याच्या बाबतीत ‘नाही’ म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा: त्याने शिक्षक अभियोग्यता चाचणी दिलीय का, आणि आठवीपर्यंतच्या पदासाठी पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे का? अनुदानित पदाची भरती पवित्र या शासनाच्या शिक्षकभरती पोर्टलवरून होते. आधी संचमान्यतेत पद रिक्त दिसलं पाहिजे, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा तक्ता) मागासवर्ग कक्षाकडून तपासून आली पाहिजे, मग पोर्टलवर जाहिरात. तिथे संस्थेला मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असा पर्याय असतो, आणि मुलाखतीसह घेतला तर पोर्टलने पाठवलेल्या उमेदवारांतून निवड संस्थेचीच. हे सगळं एका पानावर लिहून त्या संचालकांच्या हातात द्या. तुम्ही अडवताय असं न वाटता रस्ता कुठून जातो ते दिसतं, आणि पुतण्याने परीक्षाच दिली नसेल तर विषय घरातच संपतो. हीच टिपणी सगळ्या सदस्यांनाही जाऊ द्या, म्हणजे पुढच्या भाच्यासाठी पुन्हा बसावं लागणार नाही.

एक वेळ अशी येईल की संस्थेला एखाद्या शिक्षकावर कारवाई करायची असेल आणि ‘तुम्हीच काय ते करा’ असं सांगितलं जाईल. तिथे तुम्ही संस्थेच्या सगळ्यात उपयोगी पडू शकता. सेवाशर्तींच्या त्याच कायद्याच्या 1981 च्या नियमावलीतला नियम 36 काढून ठेवा. आरोप रजिस्टर्ड पोस्टाने कळवायचे, खुलाशाला सात दिवस, खुलासा समाधानकारक नसेल तर व्यवस्थापनासमोर, चौकशीचा निर्णय त्यांचा. चौकशी समिती तिघांची: व्यवस्थापनाचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक, तो कोणत्याही खाजगी शाळेचा कर्मचारी असू शकतो, आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला एक. यातली एक पायरी गाळली की आरोप खरे असूनही कारवाई न्यायाधिकरणात टिकत नाही, आणि माणूस मागच्या पगारासह परत येतो. तो पगार संस्थेच्या खिशातून जाऊ शकतो, हे वाक्य अध्यक्षांना लगेच कळतं. तुम्ही फक्त घडलेल्या प्रसंगांची तारीखवार नोंद द्या. निलंबनाच्या आदेशावर स्वतःच्या अधिकारात सही करू नका.

तुमचा स्वतःचा गोपनीय अहवाल संस्थेकडून लिहिला जातो. मार्चमध्ये शेरा वाचून वाईट वाटण्यापेक्षा आत्ताच, भेटीत मिळालेल्या उत्तरांवरून, या वर्षाची तीन-चार कामं लिहून अध्यक्षांना द्या आणि पोच घ्या. दहावीचा निकाल हे त्यातलं एक असेलच, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. स्वच्छतागृहं, प्रयोगशाळेतलं सामान, रखडलेले सेवानिवृत्तीचे प्रस्ताव, अशी डोळ्यांना दिसणारी कामंही घाला. रखडलेला पेन्शनचा प्रस्ताव मार्गी लागला, की त्या शिक्षकाचं अख्खं घर गावात तुमच्या बाजूने बोलतं.

राहिली फ्लेक्सची वर्गणी. शाळेच्या कोणत्याही खात्यातून एक रुपया नको, पगारबिलातून तर नाहीच. शिक्षकांपैकी ज्यांना द्यायची त्यांनी आपापल्या खिशातून आपसात गोळा करावी. यादी तुमच्या टेबलावरून उचलून स्टाफरूममध्ये पाठवा आणि कोणी दिले, कोणी नाही हे विचारू नका. मुलांना उन्हात स्वागताला उभं करायचं नाही, हे मात्र आधीच अध्यक्षांना सांगून टाका. सकाळी प्रार्थनेच्या वेळी ते आले, तर एक गुलाबाचं फूल शाळेतर्फे द्या, आणि सचिवांच्या वाढदिवसाची तारीख माहीत करून घ्या.